समुद्रातले गवत कुठे आहे? उलट्या मनोऱ्याचा उलगडा

जीवशास्त्राच्या एका पदवी विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न दोन भागांत आहे. जमिनीवर गवत भरपूर, ते खाणारी हरणे कमी आणि हरणांवर जगणारे वाघ त्याहून कमी, असा जैववस्तुमानाचा, म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा, मनोरा शाळेपासून शिकवला जातो. मग समुद्रात हा मनोरा उलटा असतो, म्हणजे खाणारे जास्त आणि खाद्य कमी, असे पुस्तकात लिहिले आहे ते कसे शक्य आहे? आणि जिथे सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नाही, तिथले प्राणी कशावर जगतात? प्लवकांचे नमुने गोळा करण्यात आणि मोजण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. हे दोन प्रश्न नीट समजले की सागरी जीवशास्त्राच्या बहुतेक मूलभूत संकल्पना त्यांच्या ओघानेच समजतात, असा माझा अनुभव आहे; म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

सर्वप्रथम समुद्रातले गवत म्हणजे काय ते पाहू. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मोठी शैवाले असतात, आणि समुद्री गवत नावाच्या खऱ्याखुऱ्या सपुष्प वनस्पतीही असतात, परंतु त्या सगळ्यांना तळ धरावा लागतो आणि तळापर्यंत उजेड यावा लागतो. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे आणि प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड अगदी स्वच्छ पाण्यातही दीडशे-दोनशे मीटरच्या खाली जात नाही. तेव्हा समुद्राच्या बहुतांश विस्तारात वनस्पतीला तळ गाठून जगणे अशक्यच आहे. तिथे अन्न तयार करण्याचे काम पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव करतात. त्यांना आपण वनस्पतिप्लवक म्हणतो. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सर्व जीवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ साली रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा असा आहे. एक मात्र ध्यानात ठेवावे की प्लवक हे कोणत्याही एका कुळाचे नाव नाही, ती जगण्याची रीत आहे. जीवाणू, एकपेशीय शैवाले, इवले कवचधारी प्राणी, माशांची अंडी आणि मोठमोठे जेलीफिशसुद्धा प्लवकांतच मोडतात, कारण प्रवाहाविरुद्ध पोहून आपली जागा टिकवणे त्यांना जमत नाही.

हे जीव इतके लहान का, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, पण खरी मेख तिथेच आहे. जमिनीवर झाडाला उजेडासाठी शेजाऱ्यापेक्षा उंच व्हावे लागते आणि पाण्यासाठी मुळे खोल न्यावी लागतात; त्यामुळे त्याचे बहुतेक वजन खोड, फांद्या आणि मुळे यांतच जाते, आणि हा भाग अन्न तयार करत नाही. समुद्रात आधार पाणीच देते आणि पोषकद्रव्येही चहूबाजूंनी पाण्यातच विरघळलेली असतात. अडचणी वेगळ्याच असतात: एक म्हणजे उजेडाच्या थरातून खाली बुडून जाऊ नये, आणि दुसरी म्हणजे अतिशय विरळ असलेली पोषकद्रव्ये पेशीत ओढून घेता यावीत. पेशी जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणजेच शोषणाची सोय अधिक. आणि ती बुडतेही फार सावकाश, कारण बुडण्याचा वेग साधारणपणे त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एकाच उपायाने दोन्ही अडचणी सुटतात. खोडाची गरज नाही, म्हणून लाकूड नाही; आणि लाकूड नाही म्हणून साठाही नाही.

आता आकडे पाहू. जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये मिळून सुमारे ४५० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, तर समुद्रातल्या सर्व उत्पादकांमध्ये जेमतेम १ अब्ज टन. परंतु वर्षाकाठी प्रकाशसंश्लेषणातून जे निव्वळ उत्पादन होते ते जमिनीवर साधारण ५५ अब्ज टन आणि समुद्रात साधारण ५० अब्ज टन कार्बन इतके, म्हणजे जवळजवळ बरोबरीचे आहे. दुकानाच्या गल्ल्यात या क्षणी किती रोकड आहे आणि वर्षाची उलाढाल किती आहे, या दोन गोष्टी जशा निराळ्या, तसेच हे आहे. जमिनीवरचा साठा पूर्ण नवा व्हायला सरासरी आठ वर्षे लागतात. समुद्रातला साधारण आठवडाभरात नवा होतो. वनस्पतिप्लवकाची पेशी अनुकूल परिस्थितीत दिवसातून एकदा दुभागते आणि बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पोटात जाते. तिला खाणारा प्राणिप्लवक मात्र काही आठवडे ते काही महिने जगतो, मासा काही वर्षे जगतो आणि देवमासा अनेक दशके. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी वजन केले तर खाणाऱ्यांचे पारडे जड भरते. जागतिक हिशेबात समुद्रातल्या उपभोक्त्यांचे वस्तुमान उत्पादकांच्या सुमारे पाचपट येते.

म्हणजे उलटा असतो तो त्या क्षणी दिसणाऱ्या वजनाचा मनोरा. ऊर्जेचा मनोरा कुठेही, कधीही उलटा होऊ शकत नाही, कारण प्रत्येक पायरीवर मोठा हिस्सा श्वसनात आणि हालचालीत खर्च होतो. परीक्षेत या दोन मनोऱ्यांची गल्लत होते तशी चांगल्या लेखांतही झालेली मी पाहिली आहे. (अशीच आणखी एक गल्लत ऑक्सिजनची. पृथ्वीवर तयार होणारा सुमारे निम्मा ऑक्सिजन सागरी प्रकाशसंश्लेषणातून येतो हे बरोबर. पण त्यातला जवळपास सगळा समुद्रातलेच जीव श्वसनात वापरून टाकतात. ‘आपला दर दुसरा श्वास समुद्राने दिलेला असतो’ हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण हिशेबाला उतरत नाही.)

हा उलटा मनोरा मला पुस्तकाआधी एका काचपात्रात भेटला. शिकाऊ असतानाची गोष्ट आहे. बोटीतून बारीक छिद्रांचे शंकूच्या आकाराचे जाळे हळूहळू ओढले की त्याच्या टोकाशी बांधलेल्या बरणीत प्लवक गोळा होतात. बाहेर काढल्यावर बरणीतले पाणी पातळ पेजेसारखे दिसते, किंचित तपकिरी-हिरवट, आणि त्याला ताज्या काकडीच्या जवळ जाणारा वास येतो. त्यातला थोडा नमुना मी भरपूर समुद्रपाणी असलेल्या मोठ्या काचपात्रात सोडला आणि त्यात जीव मारून नमुना टिकवणारे फॉर्मालिन घालायला विसरलो. संध्याकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा करंडकांच्या, म्हणजे डायाटम या एकपेशीय शैवालांच्या, साखळ्याच साखळ्या होत्या. सिलिकेच्या पारदर्शक डब्या एकमेकींना जोडाव्यात तशा, आणि प्रत्येक डबीत सोनेरी-तपकिरी ठिपके. त्यांच्यामधून कोपेपॉड झटके देत फिरत होते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेले हे कवचधारी प्राणी लांब स्पर्शिका फाकवून स्थिर राहतात आणि एकदम उडी घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा हिरवट रंग उतरला होता. करंडकांच्या साखळ्या शोधाव्या लागत होत्या, कोपेपॉड होते तितकेच होते, आणि तळाशी बारीक, लांबोळ्या, तपकिरी विष्ठागोळ्यांचा थर बसला होता. माझ्या वरिष्ठांनी रागावण्याऐवजी मला दोन्ही वेळची मोजणी करायला लावली. सकाळचेच तेवढे आकडे कोणी पाहिले असते, तर एवढे प्राणी कशावर जगतात असाच प्रश्न त्याला पडला असता.

त्या मोजणीतही एक मोठी त्रुटी होती, ती मला फार उशिरा कळली. आमच्या जाळ्याची छिद्रे वीस मायक्रोमीटरची होती आणि त्यातून निसटून जाणारे जीव आम्ही मोजतच नव्हतो. संपूर्ण सागरी जीवशास्त्राची कित्येक दशके अशीच गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यास सॅली चिशोल्म, रॉबर्ट ऑल्सन आणि त्यांचे सहकारी रक्तपेशींच्या तपासणीत वापरले जाणारे फ्लो सायटोमीटर हे यंत्र जहाजावर घेऊन गेले, तेव्हा त्यात इतके क्षीण आणि इतके असंख्य संकेत आले की सुरुवातीला ते यंत्राचेच दोष वाटावेत. ते प्रोक्लोरोकॉकस निघाले: सुमारे ०.६ मायक्रोमीटर व्यासाचे, प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, उबदार खुल्या समुद्रात एका मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषक जीवांत संख्येने सर्वाधिक असलेला हा जीव १९८८ सालापर्यंत शास्त्रीय साहित्यात नोंदलेलाच नव्हता. त्याच मिलिलिटरमध्ये इतर जीवाणू दहा लाखांच्या घरात आणि विषाणू साधारण एक कोटीच्या घरात असतात. विषाणू रोज जीवाणूंचा मोठा हिस्सा फोडतात, फुटलेल्या पेशींतील द्रव्य पाण्यात विरघळते, ते पुन्हा जीवाणू शोषतात, त्या जीवाणूंना एकपेशीय प्राणी खातात. १९८३ साली फारूक अझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फेऱ्याला ‘सूक्ष्मजीवी वळसा’ अशा अर्थाचे नाव दिले. पाठ्यपुस्तकातली ‘शैवाल, कोपेपॉड, मासा’ ही सरळ साखळी खरी आहे, पण खुल्या समुद्रातला मोठा व्यवहार या वळशातच होतो आणि तो माशांपर्यंत फारसा पोहोचत नाही.

कारण साखळीतल्या पायऱ्या वाढतात. एका पायरीवरून दुसरीवर ढोबळमानाने दहा टक्के ऊर्जा जाते, हे प्रमाण जागोजागी बरेच बदलते, पण हिशेबासाठी ते पुरते. उत्पादक अतिसूक्ष्म असेल तर त्याला एकपेशीय प्राणी खातो, त्याला कोपेपॉड, त्याला लहान मासा आणि त्याला ट्यूना. म्हणजे एक किलो ट्यूनासाठी मुळाशी दहा हजार किलो प्लवक लागले. उत्पादक मोठा असेल, म्हणजे करंडकांसारखा, तर साखळी आखूड होते. अंटार्क्टिक समुद्रात करंडक खाणारे सहा सेंटिमीटरचे, कोळंबीसारखे क्रिल आणि क्रिल खाणारा पंचवीस-तीस मीटरचा निळा देवमासा, एवढ्याच तीन कड्या आहेत. (देवमासा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे सांगायला नकोच.) एवढा अवाढव्य प्राणी एवढ्या लहान भक्ष्यावर पोसला जातो हे आश्चर्य वाटते खरे, पण तो मधल्या पायऱ्या गाळतो म्हणूनच तेवढा होऊ शकतो.

मग करंडकांसारख्या मोठ्या पेशी कुठे वाढतात आणि सूक्ष्म पेशींचे राज्य कुठे असते? इथे समुद्राची सर्वांत मूलभूत अडचण येते. उजेड वर आहे आणि खत खाली आहे. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही द्रव्ये वरच्या थरातले जीव वापरतात, मरतात, आणि त्यांचे अवशेष खाली जाताना कुजून ती द्रव्ये खोल, अंधाऱ्या पाण्यात मोकळी होतात. उष्ण प्रदेशांत वरचे तापलेले हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि खालचे खत वर येऊ देत नाही. म्हणून चित्रातल्यासारखा निळाशार, काचेसारखा स्वच्छ समुद्र हे जीवशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा वाळवंट असते, आणि गढूळ हिरवट पाणी हे कुरण. पर्यटकाला आणि माशाला समुद्राचे सौंदर्य वेगवेगळ्या ठिकाणी दिसते म्हणायचे.

झाकण उघडण्याचे मार्ग थोडे आहेत. समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खालच्यात मिसळते आणि वसंतात उजेड वाढताच प्लवकांचा बहर येतो. उत्तर अटलांटिकमधला हा बहर उपग्रहातूनही दिसतो. दुसरा मार्ग वाऱ्याचा. पेरूच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी त्यांच्या डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, आणि त्याची जागा भरायला खालचे थंड, सकस पाणी वर येते. कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांवर हेच घडते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालियाच्या किनाऱ्यावरही. पेरूच्या या पट्ट्यात प्लवकांवर जगणाऱ्या अँकोव्हेटा या एकाच जातीच्या माशाची पकड १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली होती. १९७२ साली एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिकचे पाणी काही वर्षांनी अधूनमधून तापते त्यामुळे, वरचा उबदार थर जाड झाला. वारे वाहत असले तरी वर येणारे पाणी त्या निकृष्ट थरातलेच होते. त्यात आधीच बेसुमार मासेमारी झालेली होती, आणि ते मत्स्यक्षेत्र कोसळले. दोष एल निनोचा की जाळ्यांचा, यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. दुबळ्या झालेल्या साठ्याला एक वाईट वर्ष पुरते.

काही समुद्रांत मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही प्लवक फारसे वाढत नाहीत. अंटार्क्टिक महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिकचा काही भाग आणि उत्तर पॅसिफिक ही त्याची ठळक उदाहरणे. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी तिथे लोहाची कमतरता आहे असे मांडले. ते १९९३ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये लोहाचे द्रावण सोडून पाहिले, आणि १९९५च्या दुसऱ्या प्रयोगात तो निळा पट्टा खरोखरच हिरवा झाला. खुल्या समुद्राला लोह मुख्यतः वाळवंटांतून उडालेल्या धुळीतून आणि खालून वर येणाऱ्या पाण्यातून मिळते.

प्रवाळभित्तींचा अपवाद इथेच सांगून टाकतो. त्या निकस, निळ्या पाण्यातच बहरतात, कारण प्रवाळाच्या पेशींमध्ये राहणारी एकपेशीय शैवाले त्याला अन्न देतात आणि त्याच्याकडून नायट्रोजन-फॉस्फरस घेतात. खत बाहेर सांडतच नाही. उष्णता वाढली की ही भागीदारी तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते.

आता दुसरा प्रश्न, अंधाराचा. दोनशे मीटरच्या खालच्या जगाचा मोठा भाग वरून पडणाऱ्या उष्ट्यावर जगतो. मेलेल्या पेशी, कोपेपॉडांच्या विष्ठागोळ्या, श्लेष्माचे तंतू हे सगळे एकमेकांना चिकटून पांढुरके पुंजके बनतात आणि सतत खाली झरत राहतात. पाणबुडीच्या दिव्यात ते भुरभुरणाऱ्या बर्फासारखे दिसतात, म्हणून त्याला सागरी हिम म्हणतात. सुटी सूक्ष्म पेशी तळाला जाण्याआधीच संपेल, पण पुंजका दिवसाला काही दहा ते शंभर-दोनशे मीटर उतरतो. वाटेत जीवाणू आणि प्राणी त्याचे लचके तोडत राहतात, आणि चार हजार मीटरवरच्या तळाला वरच्या उत्पादनातला सुमारे एक टक्काच मिळतो. माझ्या काचपात्राच्या तळाशी साठलेला तपकिरी थर तो हाच.

सगळेच जीव मात्र वाट पाहत बसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनिलहरींनी खोली मोजताना काही शे मीटरवर एक खोटा तळ दिसे आणि रात्री तो वर सरके. तो तळ म्हणजे मासे, क्रिल आणि इतर प्राण्यांचे दाट थर होते. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेपासून दूर अंधारात राहायचे आणि रात्री वर येऊन चरायचे, असे हे स्थलांतर जगभर रोज चालते. तीन मिलिमीटरचा कोपेपॉड त्यासाठी तीनशे मीटर चढला, तर ते अंतर त्याच्या लांबीच्या लाखपट झाले. क्वचित वरून घबाडही पडते. मेलेल्या देवमाशाचे कलेवर तळाशी अनेक वर्षे, कधी दशकानुदशके, वस्ती पोसते. त्याची हाडे पोखरून जगणारी ओसेडॅक्स नावाची, तोंड नसलेली अळीसारखी प्रजाती २००४ साली वर्णिली गेली.

हे सगळे अन्न अखेर सूर्याचेच. पण १९७७ साली याला अपवाद वाटावा असे काही सापडले: गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर अल्व्हिन या पाणबुडीतून उतरलेल्या भूशास्त्रज्ञांना तळातून येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती प्राण्यांची दाटी दिसली. त्यांत पुढे पुरुषभर उंचीचे, लाल तुऱ्याचे नळकृमी आढळले. प्रौढ नळकृमीला तोंड नाही, आतडे नाही. कोलीन कॅव्हानॉ आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवले की त्याच्या शरीरातल्या एका अवयवात जीवाणू खच्चून भरलेले असतात आणि ते हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात. नळकृमीच्या तुऱ्यातले हिमोग्लोबिन सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी वाहून नेते.

याच ठिकाणी ‘सूर्याविना जीवन’ असा मथळा दिला जातो, आणि तो पूर्णपणे बरोबर नाही. सल्फाइड जाळायला लागणारा तो ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या प्लवकांनी आणि जमिनीवरच्या झाडांनीच तयार केलेला असतो आणि थंड, जड पाण्याबरोबर ध्रुवीय प्रदेशांतून तळापर्यंत येतो. सूर्याशी काडीचाही संबंध नसलेला आहार हवा असेल तर त्याच झऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या खनिजांच्या धुराड्यांमधल्या मिथेनोकाल्डोकॉकससारख्या सूक्ष्मजीवांकडे पाहावे लागते. ते खडक आणि पाणी यांच्या क्रियेतून निघालेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात, आणि ऑक्सिजन तर त्यांना सोसतच नाही.